जरासा डाग

डाग हा शब्द मराठीत मोठा गमतीचा आहे. साडीवर पडला की घासून काढायचा, नावाला लागला की जन्मभर निघत नाही, आणि आमची आजी "माझ्या लग्नात चार डाग घातले होते" म्हणायची तेव्हा ते सोन्याचे असायचे! डागडागिने म्हणतो आपण, त्यातले. म्हणजे शब्द एकच, तो शुभ की अशुभ हे तो कुठे आणि कधी आला यावर ठरणार.

बायकांच्या बोलण्यात त्याला आणखी एक अर्थ आहे, आणि तो मोठ्याने उच्चारला जात नाही. "तिला डाग लागला", "जरासं अंगावर दिसलं", असं आवाज खाली आणून बोललं जातं. पाळीची तारीख जवळ आली आहे किंवा दोन-चार दिवस उलटून गेली आहे. मनात आशा आहे (कुणाच्या मनात भीतीही असेल), आणि बाथरूममध्ये एक ठिपका दिसतो. फिकट गुलाबी, नाहीतर तपकिरी. पॅड लागावं इतकंही नाही. मग हा डाग कुठला? पाळी सुरू होतेय? दिवस राहिल्याची खूण? की राहिलेलं जातंय?

आज त्या ठिपक्याबद्दल लिहायचं आहे. विषय नाजूक आहे. काका-मामा मंडळींना हवं तर इथूनच परत फिरावं, मी वाईट वाटून घेणार नाही. पण वाचलंत तर बरं होईल, कारण आपल्या सगळ्यांच्या घरात हा प्रसंग कधी ना कधी येऊन गेला आहे. बहुतेक वेळा तुम्हाला कुणी सांगितलं नाही इतकंच.

आधी जुन्या घरातली गोष्ट. पूर्वी "कावळा शिवला" की बाई चार दिवस बाहेर बसायची. खाजगी असं काही नव्हतंच. शेजारच्या आळीतसुद्धा कळायचं. कोण कधी बसली, कोणाचे बसायचे दिवस होऊन गेले तरी ती स्वयंपाकघरातच दिसते आहे, याचा हिशोब घरातल्या थोरल्या बाईच्या डोक्यात पक्का असायचा. कॅलेंडरवर खूण करायची गरज नव्हती. आणि डाग केवढा हा प्रश्नही नव्हता. दिसला की बसायचं. म्हणजे पोटात गर्भ असतानाही कुणाला तारखेच्या सुमारास दोन दिवस जरासं दिसलं, तर ती बसायची आणि घर समजायचं, या महिन्यात काही नाही. पुढच्या महिन्यात पाळी चुकली की तिथून मोजणी सुरू. मग नववा लागतो न लागतो तोच कळा सुरू व्हायच्या आणि चांगलं बाळसेदार मूल जन्माला यायचं! "आठव्यातलं असून कसं गुटगुटीत" अशा गोष्टी बऱ्याच घरांत सांगतात. त्यातल्या काही गोष्टींमागे हा एक दिवसाचा डाग असावा असं मला वाटतं.

हल्लीच्या डॉक्टरसुद्धा मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासूनच. म्हणून "शेवटची पाळी कधी?" या प्रश्नाचं उत्तर देताना ती नेहमीसारखी होती की नुसते डाग होते, हे सांगणं फार महत्त्वाचं आहे. नाहीतर चार आठवड्यांचा घोळ तिथेच होतो.

आता पोटात काय चाललेलं असतं ते बघू. मी डॉक्टर नाही. पण या ठिपक्याने माझी आणि माझ्या माणसांची इतकी झोप उडवली आहे की मिळेल ते वाचत गेले, आणि जे कळलं ते इथे माझ्या शब्दांत.

बीज फलित झालं की ते लगेच कुठे रुजत नाही. नळीतून हळूहळू गर्भाशयाकडे सरकत राहतं आणि साधारण सहा ते बारा दिवसांनी गर्भाशयाच्या अस्तरात रुजतं. बहुतेकींच्या बाबतीत हा दिवस आठवा, नववा नाहीतर दहावा असतो. रुजल्यावरच ते एचसीजी नावाचं संप्रेरक सोडायला लागतं, आणि घरच्या चाचणीच्या पट्टीवर दुसरी रेघ उमटते ती त्याच्यामुळे. (गावांमधून आशाताई 'निश्चय' नावाचं किट देतात, त्यातही हेच तपासतात.) म्हणून फार लवकर चाचणी केली तर पट्टी काहीच बोलत नाही.

इथून पुढे एक गोष्ट सगळीकडे वाचायला मिळते. बीज अस्तरात शिरताना तिथल्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात आणि त्याचाच हलका गुलाबी डाग बाहेर येतो. म्हणजे डाग हीच पहिली खूण, आनंदाची बातमी! ऐकायला किती छान वाटतं. बी मातीत शिरली आणि माती जराशी उकरली गेली. मीही कितीतरी वर्षं हेच खरं मानत होते आणि चार जणींना सांगतही होते.

पण हे तपासून बघितलेले लोक आहेत. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनामध्ये १९८० च्या दशकात अ‍ॅलन विल्कॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मूल व्हावं म्हणून प्रयत्न करणाऱ्या २२१ स्त्रियांचा अभ्यास केला. या बायकांनी महिनोन्‌महिने रोज सकाळी लघवीचा नमुना ठेवला आणि रोजची नोंदही ठेवली. कल्पना करा, रोज! त्या नमुन्यांमधून रुजण्याचा दिवस जवळजवळ नेमका काढता आला. रक्तस्रावाबद्दलचा त्यांचा लेख २००३ साली आला. कळण्याइतक्या टिकलेल्या १५१ गर्भारपणांपैकी १४ जणींना पहिल्या आठ आठवड्यांत निदान एक दिवस रक्त दिसलं होतं. पण ते रुजण्याच्या दिवशी क्वचितच दिसलं. बहुतेकींना दिसलं ते पाळीची तारीख जवळ असताना. म्हणजे 'रुजताना डाग पडतो' या सुंदर गोष्टीला त्या वह्यांमध्ये काही आधार मिळाला नाही.

पण त्याच लेखातली दुसरी ओळ मला जास्त महत्त्वाची वाटते. त्या १४ जणींपैकी १२ जणींना पुढे सुखरूप मूल झालं.

म्हणजे डाग ही आनंदाची बातमी म्हणून धरता येत नाही, आणि वाईट बातमी म्हणूनही नाही. पहिल्या तीन महिन्यांत चार-पाच जणींमागे एकीला थोडंफार रक्त दिसतं. २००९ साली आलेल्या आणखी एका अमेरिकन अभ्यासात सुमारे साडेचार हजार बायका होत्या. त्यातही हलके डाग दिसलेल्यांचा गर्भपात इतरांपेक्षा विशेष जास्त झाला नव्हता. धोका वाढला होता तो भरपूर रक्त जाणाऱ्यांचा, त्यातही सोबत दुखत असेल त्यांचा. गर्भारपणात गर्भाशयाचं तोंड नाजूक झालेलं असतं, त्याला जरा धक्का लागला तरी रक्त येतं. कधी गर्भाच्या पिशवीच्या कडेला थोडं रक्त साठतं आणि हळूहळू बाहेर येतं. कधी नुसता जंतुसंसर्ग असतो. आणि कधी काहीच कारण सापडत नाही.

हे सगळं मला २००६ साली माहीत नव्हतं. तेव्हा आम्ही पुण्यात होतो. सातवा आठवडा चालू होता, आणि रात्री झोपायच्या आधी तपकिरी डाग दिसला. सकाळी दवाखान्यात गेलो. भिंतीवर 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' ही पाटी. सोनोग्राफीआधी तो एफ फॉर्म भरायचा, आधीची मुलं किती, शेवटची पाळी कधी. शेवटच्या पाळीची तारीख लिहिताना माझा हात थरथरत होता, अक्षर माझं वाटेना. मग डॉक्टरबाईंनी पडदा माझ्याकडे वळवला. तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी, आणि त्यात लुकलुक चाललेली. "हे बघ, चाललंय सगळं," एवढंच त्या म्हणाल्या.

डाग पुढे चार दिवस येत राहिले आणि मग आपोआप थांबले. सासूबाईंनी मला पलंगावरून उतरू दिलं नाही. शेजाऱ्यांच्या बांधकामावरून चार विटा आणून पायथ्याच्या दोन्ही पायांखाली घातल्या, म्हणजे पाय वर आणि डोकं खाली. पपई, अननस, तीळ घराबाहेर गेले. मी तशीच उतरत्या पलंगावर पडून छताचा पंखा मोजत होते. तो तपकिरी डागवाला मुलगा आता कॉलेजात आहे आणि स्वतःचा चहाचा कप विसळत नाही. असो.

२०१० साली पुन्हा दिवस गेले. या वेळी एक ठिपकासुद्धा नाही. मळमळ थोडी कमी होती, पण दुसरेपणाला असं असतं म्हणतात. अकराव्या आठवड्याची सोनोग्राफी म्हणून हसत-हसत गेले. पडदा या वेळी माझ्याकडे वळला नाही. वाढ आठव्या आठवड्यातच थांबली होती. तीन आठवडे मी जे घेऊन फिरत होते, स्वयंपाक करत होते, गणपतीला नैवेद्य दाखवत होते, ते आधीच थांबलं होतं, आणि शरीराने मला एका डागानेही कळवलं नव्हतं.

म्हणून म्हणते, डागावर काही ठरत नाही. आला तो राहिला, आणि आलाच नाही तो गेला.

नंतरचे दिवस कसे गेले ते लिहीत बसत नाही. पण भेटायला येणाऱ्यांचे प्रश्न लिहिते. "स्कूटर चालवत होतीस का गं?" "काही जड उचललंस का?" "जिने किती वेळा चढायचीस?" "बाहेरचं काही खाल्लंस?" सगळे प्रेमानेच विचारत होते, यात शंका नाही. पण प्रत्येक प्रश्नात एकच अर्थ होता, की तू काहीतरी केलंस. डॉक्टरबाईंनी मात्र न विचारताच सांगून टाकलं होतं, की पहिल्या तीन महिन्यांत जे गर्भ जातात त्यातल्या निदान निम्म्यांमध्ये गुणसूत्रांचीच गडबड असते. बीज जुळलं त्या क्षणीच ते ठरलेलं असतं, स्कूटर त्यानंतर येते. ते वाक्य मी कितीतरी दिवस मनात घोळवत होते.

आणि सासूबाई. त्या आल्या-गेल्यांच्या प्रश्नांमध्ये एकदाही बोलल्या नाहीत. एका दुपारी सगळे गेल्यावर माझ्याजवळ गवार निवडत बसल्या, आणि मान वर न करता म्हणाल्या, "माझेही दोन गेलेत. एक तुझ्या नवऱ्याच्या आधी, एक नंतर."

मला माहीतच नव्हतं. लग्नाला सात वर्षं झाली होती माझ्या. ह्यांनाही माहीत नव्हतं.

"पहिल्या वेळी दहा दिवस बाहेर बसले होते," त्या म्हणाल्या. "घरच्यांना वाटलं पाळी लांबली. मला कळलं होतं. पण सांगणार कुणाला? दिवस गेलेत हेच कुणाला सांगितलं नव्हतं, तर गेलं हे कसं सांगायचं?"

मग त्यांनी गवारीच्या शिरांचा कागद गोळा केला आणि उठून आत गेल्या. त्या विषयावर आम्ही पुन्हा बोललो नाही. पण चार विटांचा अर्थ मला त्या दिवशी लागला.

त्या विटा आल्या कुठून याचा शोध मला पुढे भलत्याच ठिकाणी लागला. चरकसंहितेच्या शारीरस्थानात गर्भिणीला रक्त दिसण्याला 'पुष्पदर्शन' म्हटलं आहे. फूल दिसणं! डागापेक्षा किती सुंदर शब्द. पण चरकही लगेच पुढे अपचार धरतो, म्हणजे तिच्या वागण्या-खाण्यातलं काहीतरी चुकलं म्हणून हे झालं. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात असं दिसलं तर गर्भ राहणार नाही, कारण त्या वेळी त्याच्यात अजून सत्त्व आलेलं नसतं, असं तो सांगतो. सोनोग्राफी नव्हती, पडद्यावरची लुकलुक त्याला दिसणार नव्हती, त्यामुळे त्याला दोष देता येत नाही. चौथ्या महिन्यापासून पुढे दिसलं तर मात्र त्याच्याकडे उपाय आहेत, आणि त्यातला पहिला म्हणजे मऊ, थंड बिछाना, डोक्याची बाजू किंचित उतरती! सासूबाईंनी चरक वाचलेला नव्हता. पण विटा पुण्यापर्यंत पोचल्या होत्या.

विटांचा उपयोग होतो का? झोपून राहिल्याने गर्भपात टळतो का, यावरच्या प्रयोगांचा आढावा २००५ साली कॉक्रेनने घेतला. टळतो असं म्हणायला पुरावा मिळाला नाही. प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्यांचंही थोडं तसंच. माझ्या माहितीतल्या बहुतेक जणींना डाग दिसल्याबरोबर त्या मिळाल्या आहेत. ब्रिटनमध्ये चार हजारांहून जास्त बायकांवर मोठा प्रयोग झाला, निष्कर्ष २०१९ साली आले. औषध घेतलेल्यांपैकी ७५ टक्के जणींना मूल झालं, नुसती दिखाऊ गोळी घेतलेल्यांपैकी ७२ टक्के. फरक इतका थोडा की सरसकट सगळ्यांना उपयोग होतो असं म्हणता आलं नाही. ज्यांचे आधी गर्भपात झाले होते आणि आता रक्त दिसतं आहे, त्यांना मात्र फायदा दिसला, आणि २०२१ पासून तिथल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये अशा बायकांना ते देतात. म्हणजे गोळी कुणाला द्यायची हे डॉक्टरने आधीची सगळी हकीकत ऐकूनच ठरवायला हवं. शेजारणीची उरलेली पाकिटं घ्यायची नाहीत.

मला यातली दुसरी बाजू जास्त पटते. ७२ टक्के! रक्त दिसलेल्या, औषध न मिळालेल्या बायकांपैकी शंभरात बहात्तर जणींच्या घरी पाळणा हलला. रात्री दोन वाजता बाथरूमच्या थंड फरशीवर उभ्या असलेल्या बाईला हा आकडा माहीत असायला हवा.

पण धीर देताना दुसऱ्या टोकाला जायचं नाही. "होतं असं, काही नाही" म्हणून गप्प बसवायचंही नाही. डाग लहान असला तरी डॉक्टरांना कळवायचंच. आणि काही गोष्टी दिसल्या तर सकाळची वाट न बघता निघायचं. पोटात एकाच बाजूला दुखतंय, खांद्याच्या टोकाशी विचित्र कळ येते आहे, चक्कर येते, डोळ्यांपुढे अंधारी येते. गर्भ गर्भाशयात न रुजता नळीत रुजला तर असं होऊ शकतं. शंभरात एक-दोन वेळाच होतं, पण नळी फुटली तर जीवावर बेततं. खांदा दुखतो तो पोटातल्या रक्ताने वरचा पडदा चाळवला जातो म्हणून. बाई समजते उशी बदलली म्हणून दुखतोय. आणि बाहेर मात्र तेवढाच, जरासा डाग! म्हणून नुसतं बाहेरचं रक्त मोजून चालत नाही. तासाभरात पॅड पूर्ण भिजतंय, गाठी जातायत, ताप आहे, तरी निघायचं. ब्लडग्रुप निगेटिव्ह असेल तर तो आपणहून सांगायचा. अँटी-डीचं इंजेक्शन लागेल की नाही हे किती आठवडे झालेत आणि किती रक्त गेलं यावर डॉक्टर ठरवतात.

म्हणजे विचारायचे प्रश्न आहेत, भरपूर आहेत. कितवा दिवस? रंग कसा? दुखतंय का, कुठे? ब्लडग्रुप कोणता? सोबत कोण आहे? यातल्या एकाही प्रश्नात स्कूटर नाही, पपई नाही.

आणि एवढं सगळं करूनही पुष्कळदा उत्तर मिळतं ते "दहा दिवसांनी या." पाचव्या आठवड्याच्या सुमाराला नुसती पिशवी दिसते, हृदयाचे ठोके दिसायला सहावा आठवडा उलटावा लागतो. पिशवी रिकामी दिसली तर ती रिकामीच आहे की अजून वेळ व्हायची आहे, हे त्या दिवशी कुणालाच सांगता येत नाही. रक्तातलं एचसीजी दोन दिवसांच्या अंतराने दोनदा बघतात, ते नीट वाढतंय का यावरून थोडा अंदाज येतो. पण अंदाजच. जगातली कितीही भारी मशीन आणा, तिला दिवस पुढे ढकलता येत नाहीत. आपल्याकडे 'दिवस गेले' म्हणतात ते उगीच नाही. दिवसच जावे लागतात.

गेल्या वर्षी माझ्या भाचीच्या वाट्याला हे दहा दिवस आले. (तिला विचारून लिहिते आहे.) तिने मला सांगितलं ते फोनवर, कुजबुजत, ऑफिसच्या जिन्यात उभी राहून. "मावशी, अजून कुणालाच सांगितलेलं नाही गं. तीन महिने सांगायचं नसतं ना." त्या दहा दिवसांत ती रोज कामावर गेली, मीटिंगमध्ये बसली, सासरच्या एका मुंजीत पंगतीत वाढलंसुद्धा. आणि दर तासाला बाथरूममध्ये जाऊन बघत होती. मी रोज रात्री फोन करायचे. पहिल्या दिवशी काय बोलावं सुचेना, मग आम्ही तिच्या ऑफिसातल्या लोकांच्या नकला, माझा भाजीवाला, चकलीची भाजणी असलं काहीही बोलायला लागलो. दहा मिनिटं तरी तिचं बाथरूमकडे लक्ष जात नसे.

तेव्हा चरकाची दुसरी गोष्ट आठवली. उतरत्या बिछान्याच्या उपायांतच त्याने हेही सांगून ठेवलं आहे, की तिला राग आणि शोक यांपासून जपावं आणि मनाला रुचतील अशा सौम्य गोष्टी तिच्याशी बोलत बसावं. विटा तेवढ्या पुण्यापर्यंत आल्या, हे वाटेत कुठेतरी पडलं.

तीन महिने सांगू नये, या नियमामागे शहाणपण आहेच. जे जायचं ते बहुतेक याच काळात जातं. नॉर्थ कॅरोलायनाच्या त्या अभ्यासात १९८ गर्भधारणा सापडल्या होत्या. त्यातल्या २२ टक्के बाईला नीट कळायच्या आतच संपल्या, आणि नंतर गेलेल्या धरल्या तर एकूण ३१ टक्के. गावभर पेढे वाटून मग प्रत्येकाला "नाही राहिलं हो" सांगत फिरायचं, हे फार क्रूर असतं. मी फक्त आठ-दहा जणांना सांगितलं होतं, तरी पुरे झालं होतं. पण याच तीन महिन्यांत डाग दिसतो, याच तीन महिन्यांत ते दहा दिवस येतात, आणि नियम पाळणारी बाई तेव्हा अगदी एकटी असते. सासूबाई तशाच बसल्या होत्या, दहा दिवस, बाहेर.

आपल्याकडे यावर एक जुनी तोड होती. तिसऱ्या महिन्यात चोरओटी भरायची. डोहाळजेवणासारखा थाट नाही, चंद्र-झोपाळा नाही, फोटो नाहीत. घरातल्या दोन-तीन जवळच्या बायका, आतल्या खोलीत, खण-नारळ आणि तांदूळ. चोरओटी म्हणायचं खरं, पण चोरी काही नव्हती. ज्यांना कळायला हवं त्यांना कळलं, बाकीच्यांना नंतर कळेल. मला वाटतं ही ओटी तिसऱ्या महिन्यापर्यंत थांबवूच नये. पट्टीवर दुसरी रेघ दिसली, की एका बाईला तरी सांगून ठेवावं. आई असो, मावशी, जाऊ, मैत्रीण. जी "काय केलंस" असं विचारणार नाही अशी एक. आनंदाची बातमी म्हणून सांगायचंच असंही नाही. एवढंच म्हणायचं, की अजून काही नक्की नाही, पण तुला माहीत असू दे.

आणि आपल्याला कुणी तसं सांगितलं, तर तांदूळ-नारळ नसले तरी चालतील. रात्रीचा फोन तेवढा चुकवू नये.